ग्वाटेमालाचं स्थळ

डॉ. विद्याधर यांच्या अर्जात एक रकाना रिकामा होता. पदव्या होत्या, शोधनिबंध होते, शनिवार-रविवारच्या ड्युट्या तर विचारूच नका. पण कन्सल्टंटच्या जागेसाठीच्या त्या अर्जात 'समाजासाठी काय केलंत?' असंही विचारलं होतं, आणि आयर्लंडमधल्या आठ वर्षांत तिथे लिहिण्याजोगं काही घडलं नव्हतं. मुलाखत तीन आठवड्यांवर, बॉल्सब्रिजच्या हॉटेलात; पूर्ण भरलेला अर्ज तिथेच द्यायचा. ही जागा हुकली की पुन्हा सहा-सहा महिन्यांची कंत्राटं आणि गावोगावी बिऱ्हाड.

तेव्हा पत्नी नेत्रा यांनी कॉर्कच्या एका संस्थेचं माहितीपत्रक आणलं. ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या गरीब माया जमातीच्या कुटुंबातल्या मुलाच्या शिक्षणाचं पालकत्व घ्यायचं. वर्षातून दोन पत्रं आणि एक फोटो येतो. रकाना भरायला तेवढं पुरेसं होतं.

पण मूल असं घाईत निवडतात का? ॲडम्सटाउनच्या घरात, पुण्याहून आलेल्या मातोश्री स्नेहलताबाईंच्या अध्यक्षतेखाली निवड समिती बसली. सत्तावीस फोटो पाहिले गेले. एक मुलगा जरा हूड वाटला. एक मुलगी हसत नव्हती, म्हणजे घरात काहीतरी असणार. शेवटी नऊ वर्षांची एलेना त्सोक पसंत पडली.

"घराणं कसंय? आणि जन्मवेळ?" स्नेहलताबाईंनी विचारलं.

"आई, तिला फक्त शाळेत पाठवायचंय," विद्याधर म्हणाले.

"दहा वर्षांचा संबंध आहे बाबा. तुझी मुलाखत तोंडावर आलीये."

मुलाखतीचं नाव निघाल्यावर डॉक्टरांचं विज्ञान गप्प बसलं. संस्थेच्या शिवॉनबाईंना ईमेल गेला: जन्मतारीख, वेळ, पूर्णाकृती फोटो, गणिताचे गुण, घरात कुणाला मधुमेह.

"ग्रँड, ग्रँड," शिवॉनबाई फोनवर म्हणाल्या; आयरिश माणसाचं 'ग्रँड' म्हणजे आपलं 'चालेल'. असली मागणी पूर्वी कुणी केली नव्हती, म्हणून त्यांनी तिच्यासाठी नवा फॉर्म काढला: 'सांस्कृतिक सुसंगती पडताळणी, प्रपत्र सात'. नियम सर्वांना सारखा, म्हणून मुलीकडच्यांनाही तेच प्रश्न विचारण्याची मुभा दिली.

आता, एलेनाची आजी निघाली गावात दिवस बघणारी. त्यांचं पंचांग दोनशे साठ दिवसांचं, आणि माणूस कुठल्या दिवशी जन्मला यावर त्यांच्याकडे पुष्कळ काही ठरतं. आठवड्यात आजींचे प्रश्न आले. साहेबांची जन्मतारीख काय? नोकरी कायम आहे का? घर स्वतःचं का? मका घरचा का? आजी कायम राहते की पाहुणी? नातू तिच्याशी तिच्या भाषेत बोलतो का?

"देणारे आपण आणि चौकशा त्यांच्या?" स्नेहलताबाई म्हणाल्या.

पण भरलं सगळं. नोकरी: डिसेंबरपर्यंत. घर: भाड्याचं. मका: फ्रोजन. आजी: व्हिसा संपेपर्यंत. भाषेचं काय लिहायचं म्हणून नेत्रांनी मुलालाच, आशुतोषला, विचारलं.

"आय अंडरस्टँड इट, लाइक," तो म्हणाला. तसंच लिहिलं.

विद्याधर आता खरोखर घाबरले होते. जन्मभर परीक्षा दिलेल्या माणसाला ग्वाटेमालात नापास होण्याची भीती वाटू लागली. त्यांनी ठेवणीतला कुडता इस्त्री करून पूर्णाकृती फोटो काढून घेतला आणि पाठवला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. 'माणसं चांगली आहात. मुलीलाही फोटो आवडला. पण पत्रिका जुळत नाही. राग नसावा.'

विद्याधर यांनी ते तीनदा वाचलं. नेत्रांशी लग्न ठरण्याआधी त्यांच्या स्वतःच्या घरातून 'पत्रिका जुळत नाही' हेच वाक्य अकरा मुलींना गेलं होतं.

"आई, खरंच जुळत नसेल का गं? आपण कशी बघायचो?"

स्नेहलताबाई चष्मा पुसू लागल्या.

"आपण कुठे उघडून बघत होतो," त्या म्हणाल्या.

रकाना रिकामाच गेला. एलेनाचं नाव मात्र संस्थेच्या यादीत अजून आहे. ज्या मराठी घरातून ते वाक्य कधीच गेलं नसेल, त्यांनी प्रपत्र सात भरून पाठवावं. शिवॉनबाई वाट पाहताहेत. अद्याप एकही अर्ज आलेला नाही.