हणमातात्या दार उघडत नाहीत

लिफ्टमध्ये माणूस अडकलं, की आमचे हणमातात्या पिशवीतून आधी हत्यार काढत नाहीत. दाराला कान लावतात आणि विचारतात, "मावशी, आज कालवण काय केलंय?"

आत मावशी घामाघूम, बाहेर तिचा मुलगा लालबुंद, आणि ह्यांना कालवणाची पडलेली! पण खोटं कशाला बोलू, आतून "वांग्याचं" असं उत्तर आलं की रडणं थांबलेलं मी स्वतः ऐकलंय.

मी सांगलीतल्या लिफ्ट मेकॅनिकांच्या युनियनचा सेक्रेटरी. लिफ्टचं काम मला शिकवलं आटपाडीकडच्या ह्याच तात्यांनी. ऑफिसात एक फळा आहे. कुणाचं लायसन संपतंय, ट्रेनिंग कधी आहे, कुठल्या नव्या बिल्डिंगला माणसं हवीत, ते मी त्यावर लिहितो. संध्याकाळी बघावं तर खाली तात्यांचं अक्षर : 'विश्रामबागच्या काकूंना नात झाली.'

"आवं तात्या, ही काय युनियनची बातमी झाली?"

"मग? काकूला लिफ्टमधनं काढलं कुणी? आपुनच न्हवं?"

साताऱ्याला लायसनच्या परीक्षेचं ट्रेनिंग असतं. तिथं बाकीचे ब्रेक शिकवतात, दोर शिकवतात. तात्या एकच प्रश्न विचारतात.

"लिफ्ट अडकली. पैलं काय करशील?"

"मेन स्विच बंद करणार."

"आन आतलं माणूस?"

"ते आतच हाय की."

"आतच हाय, गड्या! म्हणून तर भ्यालंय. पैली हाक मार, मग स्विच."

इथवर ठीक. पण मला एक कोडं सुटत नव्हतं. लिफ्ट हातानं मजल्याला आणून दार उघडायचं, हे दहा मिनिटांचं काम. तात्यांना अर्धा तास का लागतो? विचारलं की म्हणायचे, "वय झालं रं." वय कसलं डोंबलाचं! सहा मजले माझ्याआधी चढतात. ब्रेक चिकटत असतील म्हणून मी तर त्यांनी सोडवलेल्या दोन लिफ्टचे ब्रेक गुपचूप तपासून आलो. लख्ख होते.

मग तक्रार आली. एका म्हाताऱ्या बाईंच्या मुलानं लिहिलं होतं : लिफ्ट मजल्याला लागली, तरी मेकॅनिकनं पंधरा मिनिटं दार उघडलं नाही, आईशी गप्पा मारत उभा राहिला. नेमकं तेव्हाच तात्यांचं लायसन नूतनीकरणाला गेलेलं. लायसन देणाऱ्या साहेबांनी बोलावणं धाडलं.

मी वाटेत पढवलं, "तात्या, ब्रेक चिकटला होता म्हणा. साहेब काय बघायला येणार नाहीत. लायसन गेलं तर घरी बसावं लागंल."

तात्यांचं तोंड एवढंसं झालं. "घरी नगं रं," म्हणाले.

साहेबांनी विचारलं. मी खाकरलो. तात्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"न्हाई सायेब, ब्रेक बरा व्हता. लिफ्ट लेवलला आली व्हती, चावी माज्या हातातच व्हती. त्या माउली डाळकांद्याचं सांगत व्हत्या. आमची ही करायची, अगदी तसाच. मला वाटलं, दार उघडलं की ह्या जाणार."

साहेब पेनचं टोपण काढत-लावत बसले. मला मान वर करवेना. तात्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली, पोरगा मिलिटरीत लांब कुठंतरी. सगळं मला ठाऊक होतं. लिफ्टचे ब्रेक तपासत हिंडलो मी शहाणा, पण तात्या, घरी जेवायचं काय करता, हे एकदाही विचारलं नाही. लाज वाटली.

लायसन मिळालं, पण ट्रेनिंग पुन्हा करायच्या अटीवर. म्हणजे ज्या वर्गात शिकवायचं, त्याच वर्गात पोरांच्या बाकावर बसायचं. मला राग आला. तात्यांना नाही आला.

"बसतो की," म्हणाले. "चार माणसं असत्यात."

त्या दुपारी मी त्यांना माझ्या घरी जेवायला नेलं. जेवण झालं, बोटं वाळली, तरी तात्या ताटावरून उठेनात. शिराळ्याच्या कुठल्याशा पाहुण्याची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते. ही दारातून मला खुणावू लागली, ताटं उचलू का म्हणून.

मी मानेनंच नको म्हटलं आणि अजून एक भाकरी टाकायला सांगितली.