माझी कचऱ्याची फाईल

जुन्या सिनेमाच्या संगीतातली खरखर काढावी तर ती मीच! बर्बँकच्या स्टुडिओत तीस वर्षं हेच करतोय. फीत आंबून डब्यातून व्हिनेगरचा भपकारा येऊ दे, वर बुरशी चढू दे, व्हर्न टॉलिफसनच्या हाताखालून गेली की लख्ख!

आणि तरी माझं नाव आजवर एकदाही छापलेलं नाही. गेल्या तीन सीडींवर नाव कुणाचं? ग्रासिएला मोंतोयाचं! येऊन जेमतेम सहा वर्षं झालीत. तिचे कान म्हणे सोन्याचे. मग माझे काय पत्र्याचे? जळतो मी तिच्यावर, सरळ सांगतो. तिनं डब्यात आणलेल्या मक्याच्या पिठाच्या तामालेंचं अख्खं ऑफिस कौतुक करतं, तेव्हाही जळतो. (खातो मात्र चार.)

यावेळी १९५८चा एक चाच्यांचा सिनेमा आला. आमचा साहेब डेल म्हणाला, "त्यातला वॉल्ट्झ, तो नाचाचा तुकडा, दोघंही साफ करा. ज्याचं काम सरस, त्याचं नाव कव्हरवर."

मी बाह्या सरसावल्या. वॉल्ट्झभर नुसती कटकट! मोजली तर चारशे बारा. एकेक वेचून काढायला नऊ दिवस लागले. मधेच ग्रासिएला दारात हजर, हातात पिवळा कागद.

"व्हर्न, फितीच्या डब्यात वादकांची यादी सापडली. एकदा बघून घे ना."

"का गं? माझा वेळ खायचाय?"

"अरे, तुझ्याच कामाची आहे!"

"माझ्या कामाचं मला कळतं!"

ती खांदे उडवून निघून गेली. मी मनात म्हटलं, टरकली!

ऐकायच्या दिवशी डेलनं मिसेस झाबोंना बोलावलं होतं. सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या या एकट्याच हयात. वय एक्क्याण्णव, नखं लालभडक. माझा वॉल्ट्झ लागला. काय स्वच्छ! बाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छान आहे हो. पण यात मी कुठाय?"

"असाल कुठेतरी व्हायोलिनांच्या गर्दीत," मी म्हटलं. "आता हे ऐका, किती घाण उपसलीय मी!"

काढलेला सगळा आवाज मी पुरावा म्हणून वेगळा जपून ठेवला होता. फाईलचं नावच 'कचरा'. ऐटीत लावली.

कट. कट-कट. कटकटकटकट!

बाईंची बोटं मांडीवर त्याच तालात नाचायला लागली. "अहो, ही मी!" त्या ओरडल्या. "या माझ्या कॅस्टनेट्स!" म्हणजे बोटांत धरून वाजवायच्या चिपळ्या.

ग्रासिएलानं पिवळा कागद हळूच माझ्यापुढे सरकवला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'लाकडी कॅस्टनेट्स, इलोना झाबो'. डेल माझ्याकडे असा बघत होता, की मीच फितीच्या डब्यात जाऊन बसावं!

पण बाईंनी उठून माझा गालगुच्चाच घेतला. "सगळा जन्म मला ट्रम्पेटवाल्यांनी दाबलं. आज पहिल्यांदा कुणी मला एकटीला ऐकवलं!"

कव्हरवर नाव अर्थातच ग्रासिएलाचं आलं. मात्र बाई हटूनच बसल्या, म्हणून सीडीच्या शेवटी तोच 'कचरा' जादा तुकडा म्हणून घातलाय. वादन, इलोना झाबो. संकलन, व्हर्न टॉलिफसन. छापलं एकदाचं माझं नाव! बायकोला दहा वेळा दाखवलं.

अकराव्या वेळी तिनं चष्मा लावला आणि खालची बारीक ओळ वाचली. त्या चारशे बारांतल्या तीन कटकटी म्हणे खरंच फितीच्या होत्या. त्या काढल्या ग्रासिएला मोंतोयानं.