हवेतला बंद पंखा

"हललेला फोटो काढणं म्हणजे या धंद्यातलं महापाप!" असं आमचे फोटोग्राफर छाती ठोकून सांगत. आणि का सांगू नये? पंधरा वर्षांत त्यांचा एक फोटो हलला नव्हता! किटली असो, कुलूप असो, नाही तर नाटकमंडळींची पुठ्ठ्याची तलवार असो, तिची धार बघूनच माणसानं बोट मागे घ्यावं! आता या वस्तू मुळात जागच्या हलतच नाहीत, हे त्यांना सांगणार कोण?

त्यांचा मेहुणा विमान चालवायला शिकवी. त्याच्या शाळेत नव्या मुलांच्या पालकांचा मेळावा होता आणि त्यासाठी उडत्या विमानाचा मोठा फलक हवा होता. मेहुण्यानं शाळेच्या प्रमुख कॅप्टनबाईंकडे भावोजींसाठी शब्द टाकला. फोटो पसंत पडला तर शाळेचं वर्षभराचं काम! किटल्यांच्या जाचातून सुटका! फोटोग्राफरना तर आभाळ ठेंगणं झालं.

"भावोजी, वर येता का? दुसऱ्या विमानातून काढा."

"छे छे! मला जमिनीवरूनच छान दिसतं!" स्टुलावर चढतानाही ज्यांचे पाय लटपटत, ते दुसरं काय सांगणार?

मेहुणा विमान घेऊन डोक्यावरून गेला आणि यांनी सेकंदाच्या चार हजाराव्या भागात त्याला पकडला. काय फोटो आला! विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्यावरचा ओरखडासुद्धा मोजून घ्या!

मेळाव्याच्या दिवशी फलकावरचा पडदा सरकला. टाळ्या पडल्या. आणि पहिल्या रांगेतून सासूबाई किंचाळल्या, "अगं बाई! याचा पंखा बंद पडलाय!"

टाळ्या जागच्या जागी थांबल्या.

"आई, पंखा चालू होता," मेहुणा म्हणाला.

"मला शिकवू नकोस! चालता पंखा असा दिसतो होय? घरात चार आहेत माझ्या! मेल्या, हवेत बंद पडलास आणि आईला एका शब्दानं बोलला नाहीस?"

पालकांत कुजबुज सुरू झाली. एका आईनं मुलीचा हात धरून सरळ दाराची वाट धरली. कॅप्टनबाईंचा चेहरा उतरला. फोटोग्राफर धावत पुढे आले.

"ऐका! पंखा फिरतच होता, पण मी तो थांबवला!"

"तुम्ही थांबवला?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जावईबापू, माझा मुलगा आत बसलेला असताना?"

"तसं नाही हो! कॅमेऱ्यानं थांबवला! चार हजारावा भाग..."

"चार हजार काय, पंखा एकदा थांबला तरी पुरे आहे!" एक आडदांड वडील गरजले. "एवढी खात्री असेल तर स्वतः बसून दाखवा त्यात!"

"बसतील की!" कॅप्टनबाई लगेच म्हणाल्या. त्यांना तेवढाच आधार सापडला होता.

फोटोग्राफरनी मेहुण्याकडे पाहिलं, तर तो पठ्ठ्या विमानाचं दार उघडून उभा! नाही म्हणावं तर वर्षभराचं काम गेलं, आणि सासुरवाडीत अब्रू गेली ती वेगळीच! अखेर देवाचं नाव घेऊन ते आत शिरले.

इंजिन सुरू झालं. पट्टा करकचून बांधलेला, तरी यांनी दोन्ही हातांनी दाराची कड घट्ट पकडली. विमान धावलं, उडालं, आणि पोट मात्र जमिनीवरच राहिलं! मैदानाला दोन फेऱ्या झाल्या. "खाली बघा, काय मस्त दिसतंय!" मेहुणा ओरडत होता. फोटोग्राफरनी डोळे उघडले ते चाकं जमिनीला टेकल्यावरच.

पण काम फत्ते झालं! एवढा भित्रा माणूस धडधाकट परत आला म्हटल्यावर पालक निवळले. मघाशी दाराकडे गेलेल्या आईनंच पहिला अर्ज भरला. फोटोग्राफर कॅप्टनबाईंपाशी गेले. "मग... वर्षभराचं काम?"

"तेच ठरवतोय. फलक आजच बदलायचा. हा फोटो बघा, केवढा जिवंत आलाय!"

बाईंनी मोबाइल पुढे केला. विमान निघतानाचा फोटो होता. ढगाळ उजेडात पाती पुसट होऊन पंखा असा गरगर फिरत होता, की बघणाऱ्याचे केस उडावेत! आणि त्याच्या मागे काचेत, डोळे मिटलेले, तोंड वासलेले आमचे फोटोग्राफर. ते तेवढे अगदी स्पष्ट, जराही न हललेले.

"कुणी काढला हा?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"मीच काढला," सासूबाई म्हणाल्या. "आणि जावईबापू, बाई मला वर्षभर या म्हणताहेत. तुमचा तो मोठा कॅमेरा आता रिकामाच असेल ना?"