आवली नापास झाली

एका जंगलात शिक्षणाची फार ओढ होती. कोणाला, असे विचाराल, मुलांनो, तर सिंहमहाराजांना.

इतर जंगलांतले राजे शिकारीमागे धावतात, घाम गाळतात. हे महाराज सुधारलेले होते. त्यांनी उंबराखाली शाळा काढली होती. हरणे, ससे, भेकरे अशा गवत खाणाऱ्यांच्या मुलांना तिथे शिक्षण सक्तीचे होते. लांडग्या-तरसांच्या मुलांना सूट होती. त्यांना जे काय शिकायचे ते घरीच शिकत.

पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याचा महाराजांच्या गुहेत गुणगौरव होई. शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र. शाल धुऊन पुढच्या सत्काराला निघे. नारळ त्याच दिवशी वाटणात जाई. प्रशस्तिपत्र तेवढे गिधाड घरपोच आणून देई. पहिल्यानंतर दुसरा, मग तिसरा, मग उत्तेजनार्थ, मग विषयवार पारितोषिके, असे सत्कार वर्षभर दर तिसऱ्या दिवशी चालत. वर्गात जागा सतत रिकाम्या होत, त्यामुळे या शाळेत प्रवेशासाठी कधी रांग लागली नाही. तुमच्या शाळेला हे जमले आहे का, विचारून बघा.

नापास झालेला मात्र त्याच वर्गात बसे. त्याला गुहेचे दार बंद. महाराज दर्जाच्या बाबतीत फार कडक होते.

या शाळेत आवली नावाची चिंकारा जातीची हरणी शिकत होती. शिंगांची नुकती टोके दिसू लागलेली, म्हणजे साधारण तुमच्याएवढी. तिचा मोठा भाऊ कवडू गेल्या वर्षी जंगलात पहिला आला होता. त्याचे प्रशस्तिपत्र आईने घराजवळच्या करवंदीच्या जाळीला अडकवून ठेवले होते.

"आमचा कवडू एवढा मोठा झाला," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "की बिचाऱ्याला घरी यायलासुद्धा सवड नाही."

हे वाक्य ती फार भरभर म्हणे. आवलीला दादाची खूप आठवण येई, पण आईसमोर ती तसे बोलत नसे.

यंदा मराठीला दोन पुस्तके होती. एक कादंबरी, 'शिंगे फुटताना'. तिच्यातले चिंकाऱ्याचे पोर वयात येते, आईची कूस सोडते, रानोमाळ भटकून शहाणे होते आणि शेवटी मान ताठ करून महाराजांच्या गुहेत शिरते. दुसरे प्रहसन, 'महाराजांचा उपवास'. त्यातला राजा एकादशीला कडकडीत उपवास करतो आणि फराळाला फक्त चार ससे घेतो. दोन्ही लिहिणारे माकड एकच. ते सागाच्या अगदी शेंड्यावर राहायचे. सत्काराचे निमंत्रण आले की म्हणायचे, "शाल वर फेका."

प्रहसनाचा पहिला प्रयोग झाला तेव्हा सारे जंगल गडाबडा लोळून हसले होते. महाराज संतापले.

"हा मीच ना?" त्यांनी प्राध्यापक खोकडांना विचारले. खोकड कोल्ह्यांच्या गोतावळ्यातलेच, पण डॉक्टरेट घेतलेले.

"छे, महाराज! हा राजा म्हणजे प्रत्येकाच्या मनातल्या भुकेचे प्रतीक," खोकड म्हणाले. "बंदी घालू नका. उगाच लोक वाचतील. अभ्यासक्रमाला लावा."

नाटक अभ्यासक्रमाला लागले. खोकडांनी त्यावर गाईड लिहिले. त्या दिवसापासून ते वाचून कोणी हसले नाही.

फक्त आवली हसली, तीही भर वर्गात. टिटवीबाई प्रवेश वाचत होत्या. राजा म्हणतो, 'आज आमचा उपवास, ससे सोलून द्या', आणि आवली फिसकन हसली.

"काय झालं दात काढायला?" बाईंनी विचारले.

"बाई, खरंच असंच असतं म्हणून हसू आलं."

"विनोद आला की हसायचं नसतं, त्याचा प्रकार सांगायचा. यशोधर, तू सांग."

यशोधर भेकर हा वर्गातला सर्वांत हुशार मुलगा. तो ताडकन उठला. "अतिशयोक्ती, बाई. राजाची स्वभाववैशिष्ट्ये अशी की तो धर्मनिष्ठ, प्रजावत्सल आणि मिताहारी आहे."

"मिताहारी?" आवली म्हणाली. "चार ससे खाल्ले त्यानं!"

"पाचवा नको म्हणाला ना. पान बारा बघ."

पुढच्या बाकावरच्या सशांनी ते वहीत उतरवून घेतले.

मग कादंबरी निघाली. तिचे शेवटचे वाक्य असे होते : 'त्यानंतर दोन दिवस जंगल शांत होते.'

"ही शांतता म्हणजे नायकाला लाभलेली आत्मशांती," यशोधरने न विचारता सांगून टाकले.

"पण बाई, दोनच दिवस का?" आवली म्हणाली. "तिसऱ्या दिवशी काय झालं?"

"गाईडात आहे का ते?"

"नाही. पण दादाचा सत्कार झाला, तेव्हाही दोन दिवस जंगल शांत होतं. आणि तिसऱ्या दिवशी पुढच्याचा सत्कार निघाला."

बाई अगदी हळू म्हणाल्या, "खाली बस, पोरी. आणि हे पुन्हा मोठ्यानं बोलू नकोस."

तेव्हा आवलीला पुस्तक कळले. दादाला घरी यायला सवड का नाही, तेही कळले. तिला रडू कोसळले. बाईंनी ते पाहिले आणि खिडकीबाहेर बघत, खिडकी नसलेल्या त्या शाळेत, तास संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

परीक्षा आली. गाईड आवलीला तोंडपाठ होते, आईनेच रोज घोकून घेतले होते. "तुझंही प्रशस्तिपत्र दादाच्या शेजारी लावू," ती निघताना आई म्हणाली.

पहिला प्रश्न होता, 'नायक प्रगल्भ कसा होत गेला ते लिहा.' आवलीने 'आत्मशांती' असा शब्द लिहिला. त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि खोडला. मग लिहिले : 'नायक वयात आला, म्हणजे खाण्याजोगा झाला. महाराजांनी त्याला खाल्ले. दोन दिवस पुरला.'

राजाच्या स्वभावचित्रणाखाली तिने एवढेच लिहिले : 'खादाड. मला हसू आले.'

यशोधरने अकरा पुरवण्या जोडल्या.

तो पहिला आला, हे सांगायला नकोच. त्याच्या दारात ढोल वाजले. आवली धावत त्याच्याकडे गेली.

"यश्या, जाऊ नकोस रे. ती कादंबरी एकदा नीट वाच."

"वाचायची कशाला?" यशोधर म्हणाला. "मला पाठ आहे."

आणि तो मान ताठ करून गेला. त्यानंतर दोन दिवस जंगल शांत होते.

आवलीची उत्तरपत्रिका आली. तिच्यावर शून्य होते. इतके गोल आणि नेटके शून्य टिटवीबाईंनी आजवर कोणाला दिले नव्हते. ते काढायला त्यांना बराच वेळ लागला असावा.

"शून्य?" आई ओरडली. "कवडूची बहीण ना तू? लाज आणलीस! काय लिहिलंस तरी काय असं?"

आवलीने वाचून दाखवले. 'दोन दिवस पुरला' इथे ती थांबली.

आई जाळीपाशी गेली. मग म्हणाली, "अंगानं बारीक होता गं माझा कवडू. दोन दिवस कसला पुरतोय?"

तिने जाळीवरचे प्रशस्तिपत्र ओढून काढले आणि सावकाश चावून गिळले. त्याच काट्याला तिने आवलीचे शून्य अडकवले.

दुसऱ्या दिवशी ती करवंदे घेऊन घरोघर निघाली. "तोंड गोड करा हो! आमची आवली नापास झाली!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. पोरगी ढ निघाल्याने आई भ्रमिष्ट झाली, असे ठरले. शेवटी ती यशोधरच्या आईकडे पोचली. भेकरीण नवे प्रशस्तिपत्र पुसत बसली होती. तिने एक करवंद उचलले.

"आमचा यशोधर इतका मोठा झाला," ती भरभर म्हणाली, "की बिचाऱ्याला घरी यायलासुद्धा सवड नाही."

आवलीच्या आईने तिच्यापुढे आणखी दोन करवंदे ठेवली आणि तिच्याजवळ बसून राहिली.

तात्पर्य : मुलांनो, पुस्तक समजून वाचण्याच्या नादी कधी लागू नका. गाईड पाठ करा, पुरवण्या जोडा, पहिले या. नाहीतर आवलीसारखे नुसते जगत बसावे लागेल.