पिवळी ताटली

निर्मलाबाईंची पेज चमच्याला चिकटून उलटी लटकली होती आणि सगळं स्वयंपाकघर तिच्याकडे बघत होतं.

"पाहा," भंडाऱ्याहून आलेली आहारतज्ज्ञ रीना मॅडम चमचा उंच धरून म्हणाली, "पडतच नाही. घशातसुद्धा अशीच चिकटणार. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्यासाठी चमचा तिरपा केला, की घास एका गोळ्यात अलगद घसरला पाहिजे. ओघळला तर पातळ, चिकटला तर घट्ट."

"अवो मॅडम, घरचा चिन्नोर आहे हा!"

"तांदूळ उत्तमच आहे, मावशी. पण भात मिक्सरमध्ये जास्त फिरवला, की त्याची खळ होते."

भंडारा जिल्ह्यात तांदूळ नापास झालेला निर्मलाबाईंनी पहिल्यांदाच पाहिला. अड्याळजवळच्या या वृद्धाश्रमात त्या अकरा वर्षं रांधत होत्या. आणि चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या राखीचा दुधीचा लगदा मात्र चमच्यावरून असा घसरला, जसा काही तो त्यासाठीच जन्माला आला होता. "व्वा, राखी!" मॅडम म्हणाली. मऊ जेवण करायचं आणि भरवायचं काम राखीकडे गेलं.

तेही निर्मलाबाईंनी गिळलं असतं. पण ते जेवण होतं मारोतरावांचं. तुमसरच्या राईस मिलमध्ये उभा जन्म काढलेले मारोतराव फार बोलत नसत. जेवण झालं, की ताटावरून हात फिरवून एकच शब्द बोलत, "जमलं, निर्मलाबाई." अकरा वर्षं त्या एका शब्दावर निर्मलाबाईंचा दिवस उभा होता. उन्हाळ्यात मारोतरावांना अर्धांगाचा हलका झटका आला, हातपाय सुधारले, पण गिळणं बिघडलं.

राखीनं त्यांना ताठ बसवलं, हनुवटी किंचित खाली घ्यायला लावली आणि अर्धा अर्धा चमचा भरवला. गाजराचा लगदा साच्यातून काढून तिनं त्याचं पुन्हा गाजर केलं होतं. ताटली पिवळी होती, म्हणजे कुणाच्या ताटाशी अदलाबदल नको. मारोतराव जेवले आणि म्हणाले, "जमलं, राखी."

त्या दिवशी सगळ्यांच्या पोळ्या करपल्या.

"आमाले काहून नाही भेटत पिवळी ताटली?" करपलेली पोळी उलटसुलट करत सुखराम म्हणाला. पंचाहत्तरीतही तो दातांनी ऊस सोलत असे. "त्याईले गाजर भेटते, फूल भेटते, पोरगी बाजूले बसून खाऊ घालते."

"जेवताना खोकला येते का तुले?" निर्मलाबाई फणकारल्या. "खोकल्याबिगर नाही भेटत ते!"

हा टोमणा होता. सुखरामनं तो माहिती म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घासाला तो असा खोकला, की शेजारच्याच्या पेल्यातलं पाणी हललं. राखी घाबरली. शिकवल्याप्रमाणे तिनं जेवण थांबवलं आणि व्यवस्थापक कैलाशला बोलावलं. कैलाश मुळातच भित्रा. "मॅडम तपासेपर्यंत यायलेबी पिवळी ताटली द्या," तो म्हणाला. संध्याकाळी सुखरामच्या ताटलीत भोपळ्याच्या लगद्याचं साच्यातलं फूल आलं. ते बघून शकुनबाईंना ठसका लागला. त्या अजून जेवायला बसल्याही नव्हत्या.

शुक्रवारपर्यंत मारोतरावांना धरून एकोणिसांपैकी चौदा जण पिवळ्या ताटलीवर होते. पोळ्यांची चळत जशी जाई तशी परत येई.

"निर्मलाबाई," कैलाश म्हणाला, "उद्यापासून पाचच जणाच्या पोळ्या टाका. अन् राखीले भोपळा चिरून द्या. एकटीनं होऊन नाही राहिलं तिच्याच्यानं."

राखीले भोपळा चिरून द्या! निर्मलाबाईंनी विळीवर भोपळा असा हाणला, की मांजर बाहेर पळालं. सगळं उघड करावं, तर पहिला प्रश्न येणार, खोकायचं शिकवलं कुणी? त्या रात्री त्यांनी बरबटी, म्हणजे चवळी, भिजत घातली.

शनिवारी अकराला रीना मॅडम वही घेऊन बसली. पहिला सुखराम.

"एक चमचा पाणी घ्या, काका."

सुखराम खोकला. तेवढ्यात कढईतल्या बरबटीच्या वड्यांचा वास आला आणि खोकला मध्येच अडखळला. निर्मलाबाई परात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, खोकला असणाऱ्याले वडे चालतीन का?"

"अजिबात नाही, मावशी."

"बरं. मंग पाचच जणाचे देऊ ना?"

सुखरामनं पेला उचलला आणि गटागटा रिकामा केला. "मॅडम, माहा खोकला गेला."

"कधी?"

"आत्ताच. तुमच्या हाताले गुण आहे."

"मले तं नव्हताच!" शकुनबाई घाईघाईनं म्हणाल्या. "ह्याचं पाहून मी खोकलली."

एकेकाला पाणी पाजून, वही भरून मॅडमनं तेरा जणांना मोकळं केलं. "पण खोकायचं यांना सुचवलं कुणी?" तिनं विचारलं. सुखरामनं भरल्या तोंडानं बोट वर केलं. निर्मलाबाईंनी त्याच्या ताटात आणखी दोन वडे टाकले. बोट खाली गेलं.

जिंकल्यासारखं वाटत होतं. मग त्यांची नजर टोकाला गेली. तिथं एकच पिवळी ताटली उरली होती. मारोतराव शिकवल्याप्रमाणे ताठ, हनुवटी खाली घेऊन बसले होते. सगळी पंगत कुरूमकुरूम वडे खात होती आणि ते फक्त वास घेत होते.

निर्मलाबाई परात तिथंच ठेवून आत गेल्या. उरलेली बरबटी त्यांनी मऊ शिजवली, वाटली, सालं राहू नयेत म्हणून दोनदा चाळणीतून काढली. लसूण-जिऱ्याची फोडणी तुपात केली आणि गाळून फक्त तूप घातलं. चमचा तिरपा केला. चिकटला. चमचाभर गरम पाणी. चिकटला. पुन्हा थोडं. पाचव्यांदा घास अख्खा घसरला. साच्यात घालून त्यांनी त्याचा वडा केला.

मागं उभ्या असलेल्या रीना मॅडमनं स्वतः चमचा तिरपा करून पाहिला. "पास, मावशी. पण भरवायचं राखीनंच. ते तिलाच शिकवलंय."

निर्मलाबाई दाराआड उभ्या राहिल्या.

मारोतरावांनी अर्धा चमचा घेतला. गिळला. खोकला नाही. दुसरा घेतला आणि डोळे मिटले. ताटली पुसून निघाली.

"जमलं, राखी," ते म्हणाले.

निर्मलाबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं.

"पण पोरी," मारोतराव सावकाश पुढं म्हणाले, "वडा करावा तं निर्मलाबाईनं. तिच्या हातची सर नाही याले."

राखी ताटली घेऊन दाराशी आली. हसू दाबून तिनं विचारलं, "सांगू का त्याईले, मावशी?"

निर्मलाबाईंनी ती रिकामी ताटली तिच्या हातातून घेतली. आता जळायचं कुणावर, तेच त्यांना कळेना.

"सांगू नोको," त्या म्हणाल्या. "मीठ कमी पडलं असन. उद्या आपण दोघी मिळून त्या निर्मलाबाईले मागं टाकू."