सासऱ्यांचा प्रतिध्वनी

"नाही म्हणजे नाही. एकही नाही," दुकानदार फोनवर म्हणाला. "कारखान्यातूनच माल येत नाहीये."

"अहो, मला आज संध्याकाळच्या आत चिप हवीय!" सून म्हणाली.

"मग काल फोन करायचा." त्याने फोन ठेवला. काल केला होता, तेव्हा तो 'परवा करायचा' म्हणाला होता.

सून घराच्या मागच्या खोलीत वादकांना हवी तशी यंत्रं बनवून द्यायची. एका गिटारवाल्यासाठी तिने प्रतिध्वनीचा डबा केला होता. रंग झाला, बटणं बसली. फक्त जिच्यातून प्रतिध्वनी निघतो, त्या चिपची जागा पडलेल्या दातासारखी रिकामी होती. संध्याकाळी त्याचा कार्यक्रम होता.

"ताई, झालं ना? पहिलाच सूर त्या डब्यातून निघणारे," त्याचा फोन आला.

"झालंच समज," ती बोलून बसली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "हॅलो...लो...लो!" ते रोज त्यांच्या कराओके मशीनवर गायचे. सुनेने मान वर केली. प्रतिध्वनी! म्हणजे तीच चिप!

सासरे दुपारी आडवे झाले, तशी तिने मशीन मागच्या खोलीत आणली. सोल्डरिंग गनने टाके वितळवले, तरी चिपचा एक पाय काही केल्या सुटेना. जोर लावावा तर तुटणार, थांबावं तर तापून जळणार. इतक्यात बाहेरचं घोरणं थांबलं. ती श्वास रोखून बसली. घोरणं सुरू झालं आणि चिप अलगद बाहेर आली. नुसता आवाज तरी यावा म्हणून तिने मशीनमधल्या तारा जोडून टाकल्या. नवी चिप आली की बसवू, कुणाला कळतंय! गिटारवाला डबा घेऊन पळालासुद्धा.

संध्याकाळी सासऱ्यांनी माईक हातात घेतला. "हॅलो." पुढे काहीच नाही. ते खाकरले. एक ओळ गायले. सूर कोरडाठाक, जागच्या जागी पडला. ते मटकन खुर्चीत बसले.

"अगं, माझा आवाज गेला!"

"कुठे गेलाय? स्वयंपाकघरापर्यंत येतोय की," सासूबाई म्हणाल्या.

रविवारी जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्यात ते गाणार होते. त्यांनी गळ्याला विश्रांती म्हणून मौन धरलं. सासूबाईंना आधी बरं वाटलं, मग धास्ती बसली. "भाजीत मीठ नव्हतं, तरी बोलले नाहीत गं!"

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली. "घसा ठणठणीत आहे." सासऱ्यांनी 'याला काही कळत नाही' अशी खूण केली आणि घरी येऊन गुळण्या सुरू केल्या. प्रत्येक गुळणीसरशी सून दुकानदाराचा नंबर फिरवायची.

तिने गिटारवाल्याला फोन लावला. "तो डबा जरा परत..."

"ताई, मी दौऱ्यावर आहे. आणि जीव मागा, डबा मागू नका!"

रविवारी सकाळी दुकानदाराचा फोन आला, "एक चिप आलीय, लवकर या." ती धावली. परत येते तोवर सासू-सासरे निघून गेले होते. 'मी गाऊ शकत नाही' एवढंच सांगायला. तिने घाईघाईने चिप बसवली आणि मशीन कवटाळून रिक्षात बसली.

सभागृहाच्या दाराशीच तिचे पाय थांबले. मित्रांनी फारच गळ घातल्यामुळे सासरे गात होते. माईक नाही, काही नाही. घाबरत, हळू, शब्द जपून.

"इतकी वर्षं ऐकतोय तुला," गाणं संपल्यावर एक मित्र डोळे पुसत म्हणाला, "पण गाण्याचे शब्द आज कळले."

"अरे, मशीन पण आली!" दुसऱ्याने उत्साहाने तिच्या हातातून मशीन घेऊन लावली आणि माईक सासऱ्यांच्या हाती दिला.

"हॅलो...लो...लो!"

सासरे दचकले. त्यांनी माईक लांब धरला. "सूनबाई, हिच्यात काहीतरी बिघाड झालाय. मी बोलतोय आणि मागून कुणीतरी मला वेडावतंय. काढता येईल ते?"

"आत्ता काढते, बाबा!"

तिने पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला, मशीन उलटी केली आणि न बघता मागचा स्टिकर उचकटून त्याखालचा लपलेला स्क्रू फिरवायला लागली.

सासूबाई शेजारी येऊन वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "स्टिकरखाली स्क्रू आहे, हे तुला बरं माहीत!"