गुडघ्याखालचा उजेड

परबकाका कोणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी दिवा बंद करायचे. बरं, वेळ तरी कुठली? नेमकी तिन्हीसांजेची. आमच्याकडे आईने देवापाशी निरांजन लावून ट्यूबलाइटचं बटण दाबलं की दोन मिनिटांत हे दारात. खट्! काळोख.

"अहो परब, लक्ष्मी यायची वेळ ही! अवदसा आठवली का तुम्हाला?" आई ओरडायची.

"वैनी, त्या ट्यूबलायटीत लक्ष्मी डोळे मिटून परत जातली. आता बघा, तुमचा निरांजन कसा दिसता ता."

निरांजन खरंच सुंदर दिसायचं. पण म्हणून काय रोज? मला हातातला पेपर तरी पुरा करू द्यायचा की नाही!

बोरिवलीला आमच्याच चाळीत तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत ते राहायचे. एकटेच. बायको गेलेली, मूलबाळ नाही. गिरणीत वायरमन होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही. बरोबरचे लोक वॉचमन झाले, भाजी विकू लागले, गावी गेले. ह्या माणसाने पंचावन्नाव्या वर्षी कार्डं छापून घेतली: 'द. रा. परब, बंगल्यांच्या बाहेरील उजेडाचे सल्लागार.'

"म्हणजे गणपतीची तोरणं लावता काय?" लोक विचारायचे.

"तोरणा बांधणारो वेगळो, मी वेगळो," असं म्हणून काका कार्ड परत मागून घ्यायचे. त्यामुळे पहिली शंभर कार्डं चार वर्षं पुरली.

मी तेव्हा अंधेरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. बंगले दुसऱ्यांचे, रेघा माझ्या. आमच्या नकाशात संडासाची खिडकी इंचाइंचाने दाखवलेली असायची आणि अंगणातल्या दिव्यांच्या नावाने शून्य. "गेटवर दोन बल्ब. काँट्रॅक्टर बघून घेईल," इतकंच. काका माझ्या नकाशावर बोट ठेवून विचारायचे, "हय तीन पायरे आसत. रात्री दिसतले कशे? मेल्या, माणूस घरात शिरायच्या आधी अंगणातच पडता."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. दिवो दिसाचो नाय, वाट दिसाक होयी. दिवा गुडघ्याच्या खाली, तोंड जमिनीकडे. झाडाला खालून, तेसुद्धा एकाच झाडाला. डोळ्यांवर येणारा हॅलोजन म्हणजे उजेड न्हय, थोबाडीत. "आणि चोराक हॅलोजन लय आवडता. मागे काळोख गावता ना!"

काम मिळालं की तीन संध्याकाळी ते आवारात नुसते उकिडवे बसायचे. मग मालकाला दोनच प्रश्न. घरात सगळ्यात उशिरा कोण येतं? आणि सगळ्यात कमी कोणाला दिसतं? मालक म्हणायचे, तुम्ही लाइट लावायला आलात की चौकशीला? मालाडच्या एका शेटला कारंज्याखाली लाल-हिरवे दिवे हवे होते. काकांनी त्यांना तोंडावर सांगितलं, "तुमका घर नको, जत्रा होयी." मुलुंडच्या एका डॉक्टरांनी तर फाटकातूनच परत पाठवलं. चार वर्षांत एक बंगला पुरा झाला नाही. मी म्हणायचो, काका, सोडा हे खूळ. ते म्हणायचे, "एक घर, एकच. मगे सोडतलंय."

ते एक घर मीच त्यांना दाखवलं. दाखवलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दहिसरच्या गावठाणात फ्रान्सिस डिमेलो म्हणून गृहस्थ मस्कतहून परत आले होते. बोरिवलीला स्पेअर पार्टचं दुकान आणि जुन्या घराच्या जागी नवा बंगला, नकाशा आमच्या ऑफिसचा. आवारात फाटकाशी एक जुना क्रूस होता, प्लेगच्या साथीत पूर्वजांनी उभारलेला. फ्रान्सिसची आई, रोजीमावशी, लग्न होऊन आली त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावायची. आता वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांत पडदा. पायरीपासून क्रूसापर्यंत पंचवीस पावलं. म्हातारीचं म्हणणं एकच होतं: मरेपर्यंत ही पंचवीस पावलं मी कोणाचा हात न धरता चालणार.

काकांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. माणूस वेडा झाला. बेबीफूडचे रिकामे डबे चाळभर मागत फिरले, कापले, आतून पांढरे रंगवले, एकेकात झिरोचा बल्ब बसवला. असे आठ डबे वाटेच्या एकाच कडेला. "दोन्ही बाजूक लावले तर तिका कडा समजाची नाय," म्हणाले. हे मला टेबलावर बसून कधी सुचलं नसतं.

पहिल्या संध्याकाळी दिवे लावले. रोजीमावशी पायरी उतरली. सुनेने हात पुढे केला तर म्हणाली, "सोड गं!" आणि चालत गेली. क्रूसाशी मेणबत्ती लावली, वळली, परत आली. पंचवीस पावलं तिकडे, पंचवीस इकडे. फ्रान्सिसनी नाक पुसलं. काका झाडामागे जाऊन विडी ओढत बसले. मला वाटलं, जमलं बुवा ह्यांचं.

आठवड्याने घराला फादरनी आशीर्वाद द्यायचा कार्यक्रम होता. वसईहून पाहुणे आले. फ्रान्सिसचा मामा रस्त्यावरूनच ओरडला, "फ्रान्सिस! लाइट गेलीय काय रे?"

सगळे हसले. झालं. एवढ्या एका वाक्यात आठ डब्यांची वाट लागली.

दुसऱ्या दिवशी डबे काढले आणि फाटकाच्या खांबावर घराकडे तोंड करून हॅलोजन बसला. फ्रान्सिसनी आमच्या ऑफिसात येऊन सांगितलं, "दहा वर्षं मस्कतला घाम गाळला. माझं घर रस्त्यावरून दिसायला नको?" माणूस वाईट नव्हता. आईला त्यांनी सांगितलं होतं म्हणे, तू प्रार्थना आत कर, देव्हाऱ्यासारखा आल्तार करून दिलाय ना. आमचे आर्किटेक्ट साहेब माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं असतं तर फ्रान्सिसनी कदाचित ऐकलं असतं. पण मी पेन्सिलीला टोक करत बसलो. नोकरी होती ना!

काका त्यानंतर आमच्याकडे येईनासे झाले. आमची ट्यूबलाइट सुखाने जळायला लागली. महिन्याभराने आईच म्हणाली, "परब रोज पाचला छत्री घेऊन जातात कुठे रे? पाऊस तर केव्हाच संपला." मी एक दिवस मागोमाग गेलो. दहिसर. डिमेलोंचा बंगला.

सात वाजता सुनेने आतून बटण दाबलं आणि हॅलोजन भकदिशी पेटला. काका आवाराबाहेर, गल्लीत एका दगडावर चढले आणि त्यांनी छत्री उघडून कुंपणाच्या भिंतीवरून त्या दिव्यासमोर धरली. वाटेवर सावली पडली. व्हरांड्यातल्या बल्बचा पिवळा उजेड आता त्या वाटेवर दिसू लागला. रोजीमावशी पायरी उतरली.

"त्या दिवशी डबे परत न्यायला इल्लंय," काका पुटपुटले, "तर ही पायरेर उभी. डोळ्यार हात. पाऊल उचलत नव्हती. माझ्या हातात छत्री होती, धरली." छत्रीचं कापड तापून मधोमध करपलं होतं. मी दांडा धरायला गेलो तर धरू देईनात.

पलीकडे काडी पेटल्याचा आवाज आला. मग म्हातारीचा, क्रूसाशी बोलणारा: "सायबा, माज्या पोराला सुखी ठेव. त्यानं माजं आयकलं, दिवा बारीक केला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हाक मारणार तोच काकांनी मोकळ्या हाताने माझं मनगट पकडलं.

"गप ऱ्हव. तिका वाटता झिलान केल्यान. वाटांदे."

"अहो पण काका—"

"माझी वाट बघूक घराक कोण आसा? हय निदान एक माणूस घरात शिरताना बघूक मिळता."

ती वर चढेपर्यंत त्यांनी छत्री हलवली नाही. मग मिटली. बंगला लख्ख झाला. गल्लीतून जाणारा एक जण थांबून म्हणाला, "काय झकास बंगला आहे ना?" काका म्हणाले, "हो. घर चांगला आसा."

स्टॉपकडे चालता चालता मी विचारलं, "काका, तुम्ही आजारी पडलात तर?"

"मगे ती जावची नाय," ते म्हणाले.

तेव्हा मी येईन, असं म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण रोज सात वाजता, दहिसरला, छत्री धरून उभं राहायचं म्हणजे... मी खिशात सुट्टे चाचपू लागलो. बस आली, आम्ही चढलो आणि त्यांनी माझंही तिकीट काढलं.